समांतर मतदान की समांतर मोजणी? गावात शिजत असलेल्या बेताबद्दल

गिरणाकाठ, ६ डिसेंबर २०२४

नमस्कार मंडळी. आमचे गाव गिरणेच्या काठी आहे आणि गावात तीन मतदान केंद्रे आहेत. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागल्यापासून पारावर दुसरा विषय नाही. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीची बातमी आल्यावर तर गावातील पंधरा-वीस तरुणांनी आपणही तसेच मतदान घ्यायचे, असे जवळजवळ ठरवूनच टाकले आहे.

ज्यांनी ती बातमी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मारकडवाडीत अधिकृत निकालानुसार भाजपच्या उमेदवाराला १००३ आणि राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाच्या उमेदवाराला ८४३ मते पडली. गावाचा कल असा असूच शकत नाही, असे तेथील अनेक ग्रामस्थांचे म्हणणे होते, म्हणून त्यांनी ३ डिसेंबरला स्वखर्चाने मतपत्रिका छापून फेरमतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, पोलीस बंदोबस्त लागला आणि मतदान सुरू होण्याआधीच ते रद्द करावे लागले. पुढे अनेकांवर गुन्हेही दाखल झाले. विशेष म्हणजे गावात मागे पडलेला उमेदवारच त्या मतदारसंघातून निवडून आलेला आहे, त्यामुळे ही हरलेल्याची रडारड होती, असे म्हणता येत नाही.

आमच्याकडे कापसाचा खेडा खरेदीचा व्यापारी दारात येतो तेव्हा कोणीही शहाणा शेतकरी फक्त त्याच्या काट्यावर विसंबत नाही. आधी घरी किंवा ओळखीच्या काट्यावर माल मोजून घेतो आणि मगच व्यापाऱ्याला हात लावू देतो. मतांच्या बाबतीत असा दुसरा काटा का असू नये, असे मलाही वाटते. तरीही वर्गणी गोळा होण्याआधी जाणकारांना विचारावे म्हणून हा धागा काढला आहे. असे मतदान घेणे कायद्याने चालते का, इतरत्र कोणी केले आहे का, आणि मुख्य म्हणजे त्यातून काही सिद्ध होते का?

माजी केंद्राध्यक्ष, ६ डिसेंबर २०२४

गिरणाकाठभाऊ, मी प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीच्या काळात लोकसभा, विधानसभा धरून सात वेळा केंद्राध्यक्ष म्हणून बसलो. तुमचा काट्याचा दाखला मला आवडला, पण तो तुम्ही अर्धाच वापरलात. शेतकरी दुसऱ्या काट्यावर तोच कापूस मोजतो. तुमचे तरुण जे करू पाहत आहेत त्यात कापूसच वेगळा आहे. २० नोव्हेंबरला यंत्रात पडलेली मते एकीकडे आणि महिन्याभराने, निकाल माहीत झाल्यावर, वेगळ्या लोकांनी वेगळ्या मनःस्थितीत टाकलेल्या चिठ्ठ्या दुसरीकडे. या दोन्हींचे वजन जुळले तरी काही सिद्ध होत नाही आणि नाही जुळले तरी होत नाही.

साधे उदाहरण घ्या. एका केंद्रावर ७०० जणांनी मतदान केले, त्यात अ ला ४०० आणि ब ला ३०० मते पडली, आणि हा आकडा अगदी खरा आहे असे समजा. निकालाने नाराज झालेले ब चे सगळे ३०० मतदार तुमच्या पेटीपाशी येतील. अ च्या मतदारांना पुन्हा रांगेत उभे राहण्याचे कारणच नाही, त्यातले २०० आले तरी खूप. पेटी उघडल्यावर ब ३०० आणि अ २०० असे निघेल, आणि एकाही माणसाने आपले मत बदललेले नसताना गावभर बोभाटा होईल की यंत्राने मते पळवली.

आता तोच कापूस पुन्हा मोजण्याची सोय कायद्यात कुठे आहे ते सांगतो, कारण ती असूनही फार थोडे लोक वापरतात. मतदान संपले की केंद्राध्यक्ष यंत्राचे क्लोज बटन दाबतो आणि नंतर टोटल दाबून एकूण मते किती नोंदली गेली ते उपस्थित प्रतिनिधींना दाखवतो. त्यानंतर तो नमुना १७-सी चा पहिला भाग भरतो. त्यात कंट्रोल युनिट, बॅलट युनिट आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापून दाखवणारे यंत्र) यांचे क्रमांक असतात, केंद्राला नेमून दिलेले मतदार किती, मतदार नोंदवहीत म्हणजे १७-ए मध्ये किती जणांची नोंद झाली, नोंद होऊनही किती जणांनी मत देण्यास नकार दिला, यंत्रात एकूण किती मते आहेत आणि कागदी सीलांचे क्रमांक कोणते, हे सारे असते. निवडणूक संचालन नियम १९६१ मधील नियम ४९-एस नुसार हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला याची खरी प्रत द्यावी लागते आणि तिची पोच घ्यावी लागते. म्हणजे ही प्रत मेहेरबानी नसून हक्क आहे.

मतमोजणीच्या दिवशी तेच कंट्रोल युनिट टेबलावर येते तेव्हा मोजणी प्रतिनिधीने त्याचा क्रमांक, सील आणि एकूण मते आपल्या प्रतीशी ताडून पाहायची असतात. रिझल्ट दाबल्यावर उमेदवारनिहाय आकडे १७-सी च्या दुसऱ्या भागात उतरवले जातात आणि शेवटी केंद्रनिहाय आकड्यांचा नमुना २० तयार होतो. ज्याच्या हातात सर्व केंद्रांच्या १७-सी आहेत त्याने घरी बसून बेरीज केली तरी ती समांतर मोजणीच होते, आणि तिला कोणी जमावबंदी लावू शकत नाही.

आता माझा अनुभव सांगतो, कारण त्यातच खरी गोम आहे. सात निवडणुकांत मी भरलेल्या प्रती घ्यायला शेवटपर्यंत थांबलेले प्रतिनिधी मला बोटांवर मोजता येतील. सकाळी सहाच्या अगोदर अभिरूप मतदानाला, ज्यात किमान ५० मते टाकून यंत्र तपासायचे असते, एखादाच हजर. दुपारी जेवणाला गेलेला परत येईलच याची खात्री नाही. संध्याकाळी गाडी आली की सगळे पसार. एकदा तर एका प्रतिनिधीने प्रत घेतली आणि माझ्यासमोरच तिच्यात शेंगदाणे बांधले.

अनेरची लेक, ७ डिसेंबर २०२४

सरांनी गणित मांडले, मी माणसांचे सांगते. आमच्या भागातली निम्मी तरुण मंडळी सुरतेला कामाला आहेत. मतदानाच्या आदल्या रात्री भुसावळकडे येणाऱ्या गाडीत उभे राहायला जागा नव्हती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच मंडळी परत गेली. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे बोटाला शाई लावूनच मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चढली, ती आता होळीच्या आगेमागेच परततील. डिसेंबरात किंवा जानेवारीत गावात पेटी ठेवली तर या लोकांची मते कोण टाकणार? जे मतदानाच्या दिवशी होते आणि आज नाहीत, त्यांची संख्याच काही गावांत निकाल फिरवण्याएवढी असते.

आणखी एक गोष्ट पुरुषांच्या लक्षात चटकन येत नाही. सरकारी मतदानाला न जाणाऱ्या बाईला कोणी जाब विचारत नाही. पण गावाने मांडलेल्या पेटीपाशी ती गेली नाही तर ती कोणत्या बाजूची हे दिवेलागणीपर्यंत सगळ्यांना कळते. चिठ्ठी गुप्त राहील, गैरहजेरी राहणार नाही. ज्या घराचा उदरनिर्वाह दुसऱ्याच्या शेतावर चालतो त्या घराला हे परवडणारे नाही. दारूबंदीसाठी आडव्या बाटलीचे मतदान घेताना बायकांवर किती दडपण येते ते मी जवळून पाहिले आहे, आणि ते मतदान तर नियमाप्रमाणे, प्रशासनाच्या देखरेखीखाली होते. इथे देखरेख कोणाची?

पांझराकाठ, ७ डिसेंबर २०२४

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून मी वेगळे मत मांडतो. समांतर मतदान पुरावा म्हणून लंगडे आहे हे मान्य, पण ते नेहमी पुरावा म्हणूनच घेतले जाते असे नाही. १९६३ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नोंदणीच करू दिली जात नव्हती. नागरी हक्क चळवळीने तेव्हा ‘फ्रीडम व्होट’ नावाचे प्रतीकात्मक मतदान घेतले, चर्चमध्ये आणि दुकानांमध्ये पेट्या ठेवल्या आणि सुमारे ८० हजार लोकांनी त्यात मते टाकली. त्याने राज्याचा गव्हर्नर बदलला नाही. पण या लोकांना मतदानात रस नाही, असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. मारकडवाडीकडेही मी त्याच नजरेने पाहतो. मतदान झाले असते तर त्याचा निकाल कदाचित दुर्लक्षिला गेला असता. ते होऊ दिले नाही म्हणूनच ते गाव देशभर पोहोचले.

दुसरे असे की सरांनी सांगितलेली १७-सी ही यंत्रातील एकूण मते सांगते, कोणाला किती पडली ते सांगत नाही. मी दाबलेले बटन आणि यंत्रात नोंदलेले मत एकच आहे का, या मूळ शंकेला तिच्याकडे उत्तर नाही. माझ्या गावातील अण्णांना मी १७-सी समजावून सांगितली तर ते म्हणतील, पोती किती भरली ते कळले, पण पोत्यात माझाच कापूस आहे का?

माजी केंद्राध्यक्ष, ८ डिसेंबर २०२४

पांझराकाठ यांचा आक्षेप बिनतोड आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १७-सी मुळे दोन गोष्टी पकडल्या जातात. एक म्हणजे मतदान संपल्यानंतर मते वाढवणे किंवा घटवणे आणि दुसरी म्हणजे यंत्रच बदलणे. मत एकाला दिले आणि नोंदले दुसऱ्याला, हे पकडायचे असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजण्यावाचून गत्यंतर नाही. चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते, ती मतदाराने स्वतः पाहिलेली असते, म्हणून कापूस तोच हे ठामपणे सांगणारा कागद तो एवढाच. चिठ्ठीवर वेगळे नाव दिसल्यास तिथल्या तिथे लेखी तक्रार करून चाचणी मत टाकण्याची सोय नियम ४९-एमए मध्ये आहे. मात्र तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद असल्यामुळे कोणी त्या वाटेला जात नाही. मी सात निवडणुकांत एकही अर्ज पाहिला नाही. ती तरतूद लोकांच्या तोंडाला कुलूप लावते, असे माझे मत आहे.

गणितप्रेमी, ८ डिसेंबर २०२४

सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी काढून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात. त्यापूर्वी एकाच केंद्राच्या मोजल्या जात. पाच पुरेशा आहेत का याचा हिशेब शाळेतल्या संभाव्यतेने करता येतो. मतदारसंघात ३५० केंद्रे आहेत आणि त्यांपैकी १० यंत्रांत गडबड आहे असे समजा. पाचांपैकी एकाही यंत्रात ती न सापडण्याची शक्यता साधारण ८६ टक्के येते, म्हणजे पकडले जाण्याची शक्यता १४ टक्क्यांच्याही आत. गडबड ३५ यंत्रांत असेल तर मात्र ती ४१ टक्क्यांवर जाते. याचा अर्थ असा की मोठी, राज्यभर पसरलेली लबाडी पाच-पाच केंद्रांच्या तपासणीतून सुटणे जवळपास अशक्य आहे, कारण २८८ मतदारसंघांत मिळून १४४० यंत्रे तपासली जातात. पण एकाच मतदारसंघात, थोड्या केंद्रांवर, काठावरच्या लढतीत केलेली लबाडी सहज सुटू शकते. त्यामुळे सगळे ठीक आहे म्हणणारा आणि सगळेच बनावट आहे म्हणणारा, असे दोघेही या आकड्यांपुढे थोडे अडखळतील.

गिरणाकाठ यांच्या बेताबद्दल एक इशारा. एका गावाचा निकाल घेऊन मतदारसंघाबद्दल बोलू नका. आपल्याच धुळे लोकसभेचे उदाहरण ताजे आहे. जूनमध्ये सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते, आणि तरीही मालेगाव मध्य या एकट्या क्षेत्राने काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना एवढी आघाडी दिली की त्या ३८३१ मतांनी निवडून आल्या. मालेगाव मध्य वगळून कोणी समांतर मोजणी केली असती, तर त्याने छातीठोकपणे चुकीचा विजेता जाहीर केला असता. आपल्याकडे मते गठ्ठ्याने पडतात. भाताचे शीत चाचपून भात शिजला का ते कळते, कारण सगळी शिते एकाच भांड्यात असतात. मतदारसंघ हे एक भांडे नसते.

खंडपीठवारी, ९ डिसेंबर २०२४

व्यवसायाने वकील आहे आणि जळगाव, धुळे, नंदुरबारची प्रकरणे घेऊन औरंगाबाद खंडपीठात जाणे-येणे असते, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. निवडणूक आयोगाशिवाय कोणी चिठ्ठ्या टाकून आपापसांत कौल घेऊ नये असे म्हणणारे थेट कलम मला माहीत नाही. संस्था, मंडळे, ग्रामसभा असे कौल घेतच असतात. पण त्याला फेरमतदान किंवा निवडणूक म्हटले, आयोगाच्या मतपत्रिकेसारखी मतपत्रिका छापली, बोटाला शाई लावली, तर प्रशासनाच्या हाती आयते कारण दिल्यासारखे होईल. कायदा व सुव्यवस्थेच्या नावाखाली भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढता येतो आणि तो मोडला की गुन्हा वेगळा. मारकडवाडीत नेमका हाच मार्ग वापरला गेला.

परदेशात काही ठिकाणी मतदानाच्या दिवशीच केंद्राबाहेर टेबल मांडून बाहेर पडणाऱ्या मतदारांकडून दुसरी चिठ्ठी घेतात. काळाचे अंतर राहत नाही, म्हणून सरांचा कापसाचा आक्षेप बराच सौम्य होतो. आपल्याकडे मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-ए नुसार ठरलेली वेळ संपेपर्यंत मतदानोत्तर चाचणी घेऊन तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास बंदी आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. केंद्रापासून १०० मीटरच्या आतले प्रचारबंदीचे बंधन आणि मताच्या गुप्ततेची तरतूद आहेतच. तो नाद सोडावा हे उत्तम.

आता ज्या वाटा खुल्या होत्या त्यांच्या तारखा पाहा. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेकडे परत जाण्याची आणि सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रांची पडताळणी मागण्याची मुभा दिली. ती मुदत ३० नोव्हेंबरला संपली. यंत्रांच्या एका संचाला ४० हजार रुपये आणि वर वस्तू व सेवा कर असा खर्च २०२४ मध्ये आगाऊ भरावा लागत होता. दोष आढळला तर पैसे परत मिळतात. निकाल जाहीर होण्याआधी मोजणी कक्षातच नियम ५६-डी खाली चिठ्ठ्या मोजण्याचा लेखी अर्ज करता येतो, आणि मोजणीत फरक आला तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरला जातो. पण तो अर्ज उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने त्याच वेळी करायचा असतो, घरी जाऊन जेवल्यावर नाही. उरते ती कलम ८१ ची निवडणूक याचिका. तिची मुदत ४५ दिवस, म्हणजे ७ जानेवारी २०२५. ती मतदारही दाखल करू शकतो. मात्र गावातील चिठ्ठ्यांची पेटी घेऊन माझ्याकडे कोणी आले तर मी तिला हातही लावणार नाही. १७-सी च्या प्रती घेऊन आले तर बसवून चहा देईन.

सातपुडा, १० डिसेंबर २०२४

सगळे म्हणतात प्रतिनिधी बसवा, प्रत घ्या. आमच्या अक्कलकुवा मतदारसंघात राज्यातील पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र मणिबेली येथे आहे आणि सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे मतदान पथकाला तिथे बोटीने जावे लागते. अशा पाड्यांवर सरकार यंत्र पोहोचवते, पण सगळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी पोहोचतातच असे नाही. याच मतदारसंघात यंदा निकाल तीन हजारांहून कमी मतांनी लागला. जिथे लढत सगळ्यात काठावर, तिथेच दुसरा कागद सगळ्यात दुर्मीळ. इतकेच नोंदवतो.

पांझराकाठ, ११ डिसेंबर २०२४

सातपुडा यांच्या मुद्द्यावरून फिलिपिन्सची आठवण झाली. ७ फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत नामफ्रेल या नागरिक संघटनेने हजारो स्वयंसेवक केंद्रांवर पाठवले, केंद्रनिहाय मोजणीपत्रकांच्या प्रती गोळा केल्या आणि स्वतंत्र बेरीज मांडली. तिच्यात विरोधी उमेदवार कोराझॉन अक्विनो पुढे होत्या आणि सरकारी बेरजेत राष्ट्राध्यक्ष मार्कोस. दोन दिवसांनी सरकारी संगणकावर काम करणारे कर्मचारीच फलकावरचे आकडे आपल्या आकड्यांशी जुळत नाहीत म्हणून उठून निघून गेले. पण नामफ्रेललाही सुमारे ७० टक्केच केंद्रे गाठता आली होती, आणि उरलेल्या केंद्रांचे काय हा प्रश्न विरोधक विचारत राहिले. यंदा जुलैमध्ये व्हेनेझुएलात विरोधकांनी यंत्रातून निघालेली केंद्रनिहाय पत्रके आपल्या प्रतिनिधींकडून जमवली आणि ८० टक्क्यांहून अधिक पत्रके सर्वांना पाहता येतील अशी जाहीर केली. तिथल्या सरकारने निकाल बदलला नाही, पण केंद्रनिहाय आकडे देण्याची जबाबदारी कोणावर होती ते जगाला दिसले.

हे लिहिताना माझ्या लक्षात आले की मी स्वतःच सरांच्या बाजूला सरकलो आहे. या दोन्ही ठिकाणी पुन्हा मतदान घेतले गेले नाही, पडलेल्या मतांचाच दुसरा कागद जपला गेला. एक फरक मात्र विसरू नये. त्या पत्रकांवर उमेदवारनिहाय आकडे असतात, कारण तिथे मोजणी केंद्रावरच होते. आपल्याकडे यंत्र बंद होऊन तालुक्याला जाते आणि केंद्रावर हाती पडतो तो फक्त एकूण आकडा. केंद्रावरच रिझल्टचे बटन दाबून सर्वांसमोर आकडे लिहिले, तर आपली अर्धी शंका तिथेच मिटेल. अर्थात मग कोणत्या वस्तीने कोणाला मते दिली हे त्याच रात्री कळेल आणि अनेरची लेक म्हणतात ते दडपण वाढेल. पण नमुना २० मुळे ते आजही महिन्याभरात कळतेच की.

अनेरची लेक, ११ डिसेंबर २०२४

महिन्याभराने कळणे आणि त्याच रात्री, दारू प्यायलेल्या जमावासमोर कळणे यात फरक आहे, भाऊ.

गिरणाकाठ, १५ डिसेंबर २०२४

सर्वांचे आभार. पारावर बसून हे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. दोघे-तिघे रागावून उठून गेले. एका आबांनी ‘जे व्हयनं ते व्हयी गयं’ म्हणून विषय संपवण्याचा प्रयत्न केला. बाकीच्यांनी ठरवले की पेटी मांडण्याआधी निदान आपल्या तीन केंद्रांच्या १७-सी शोधाव्यात. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या तालुक्यातील कार्यकर्त्याकडे गेलो तर त्याने कपाटातून एक पिशवी काढली, त्यात प्रचाराच्या टोप्या, उरलेली पत्रके आणि तळाशी चुरगळलेल्या काही प्रती. आमच्या गावच्या तीनपैकी दोन सापडल्या. तिसऱ्या केंद्रावरचा प्रतिनिधी माझा चुलतभाऊच होता. विचारले तर म्हणाला, सहा वाजता गाय व्यायला झाली होती म्हणून घरी गेलो. आता त्याला काय बोलणार?

एक प्रश्न आहे. केंद्रांच्या आकड्यांची बेरीज मतदारसंघाच्या जाहीर एकूण मतांपेक्षा कमी येते असे एका मुलाने दाखवले आणि त्यावरून पुन्हा गलका सुरू झाला. याचे कारण काय असावे?

माजी केंद्राध्यक्ष, १५ डिसेंबर २०२४

टपाली मते. ती यंत्रात नसतात, म्हणून १७-सी मध्येही नसतात. निवडणुकीच्या कामावर असलेले कर्मचारी, सैन्यातील मतदार आणि ८५ वर्षांवरील ज्यांचे मतदान घरी जाऊन घेतले त्यांची मते वेगळी मोजली जातात आणि नमुना २० मध्ये शेवटी मिळवली जातात. ती वजा करून पुन्हा जुळवा. त्यानंतरही फरक राहिला तर त्या केंद्राच्या नावासमोर काही शेरा आहे का पाहा. अभिरूप मतदानाची मते पुसायची राहिली किंवा १७-सी चा आकडा यंत्राशी जुळला नाही तर ते यंत्र बाजूला ठेवले जाते, आणि विजयाचे अंतर त्या मतांहून कमी असेल तरच त्याच्या चिठ्ठ्या मोजण्याची वेळ येते. मुलाला सांगा, गलका करण्याआधी बेरीज करणारा तू पहिलाच भेटलास.

खंडपीठवारी, २२ डिसेंबर २०२४

एक ताजी घडामोड. २० डिसेंबरला केंद्र सरकारने निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ बदलला आहे. जनतेला पाहणीसाठी खुल्या असणाऱ्या कागदपत्रांच्या वाक्यात ‘या नियमांत विनिर्दिष्ट केलेली’ असे शब्द घातल्यामुळे केंद्रावरील सीसीटीव्ही चित्रीकरणासारखे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज मागण्याचा मार्ग आता अरुंद झाला आहे. प्रतिनिधीला केंद्रावर मिळणाऱ्या १७-सी वर याचा परिणाम नाही. मे महिन्यात लोकसभेच्या वेळी याच १७-सी आयोगाच्या संकेतस्थळावर टाकाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा, ती प्रत उमेदवार आणि प्रतिनिधी यांच्याखेरीज इतरांना देण्याचे बंधन नाही, अशी आयोगाची भूमिका होती. न्यायालयाने निवडणूक सुरू असताना आदेश देण्यास नकार दिला. म्हणजे नागरिकांच्या गटाला केंद्रात स्वतःच्या नावाने बसता येत नाही, कोणत्या तरी उमेदवाराचा, मग तो अपक्ष का असेना, प्रतिनिधी म्हणूनच बसावे लागते. एका केंद्रासाठी एक प्रतिनिधी आणि दोन बदली प्रतिनिधी नेमता येतात. तीन माणसे मिळून तेरा-चौदा तास बसणे अवघड नाही.

गिरणाकाठ, २३ डिसेंबर २०२४

आमच्या दोन्ही केंद्रांचे १७-सी वरील एकूण आकडे नमुना २० शी जुळले. यंत्राचे क्रमांकही कार्यकर्त्याच्या मोजणीच्या वहीतील क्रमांकांशी जुळले. तिसऱ्या केंद्राचे काही सांगता येत नाही, आणि गंमत म्हणजे ज्या केंद्राबद्दल गावात सर्वांत जास्त शंका आहे ते हेच. पांझराकाठ यांचा आक्षेप दोन जुळलेल्या केंद्रांनाही लागू आहे हे मी पारावर सांगितले, लपवले नाही. त्यावर ज्यांचा विश्वास नव्हता त्यांचा अजूनही नाही, आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही.

पेटी मांडण्याचा बेत बारगळला आहे. त्याऐवजी पुढच्या वेळी तिन्ही केंद्रांवर पाळीने बसायला नऊ जणांची नावे वहीत लिहिली. त्यांत अनेरची लेक यांच्या सूचनेवरून चार बायका आहेत. सरांनी जानेवारीत एका रविवारी येऊन १७-सी कशी वाचायची ते शिकवण्याचे कबूल केले आहे, त्यांच्यासाठी वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी ठरली आहे. आता अडचण एवढीच की तिसऱ्या केंद्रासाठी आठ आणि नऊ क्रमांकाची नावे ज्यांची आहेत त्या दोघांचे एकमेकांशी बांधावरून दहा वर्षांचे भांडण आहे, आणि दोघांपैकी कोणीच दुसऱ्याकडून पाळी घ्यायला तयार नाही. चुलतभावाला पुन्हा विचारले आहे. गाय पुन्हा गाभण आहे की नाही, ते आधी बघावे लागेल.